माळेघाटचे केल्थ्वेट

रकाना १. आडनाव (वडिलांकडून आलेले)

गांगुर्डे.

एवढं लिहिलं की अर्ज तिथेच मिटतो. पडद्यावर एक अदबशीर ओळ येते, 'आपण केल्थ्वेट नाही, तरीही आपल्या आस्थेबद्दल आभार.' मी सात वेळा करून पाहिलं. आठव्या वेळी आईचं माहेरचं आडनाव टाकलं. मग त्यांनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं.

माझी आई डोरोथी केल्थ्वेट. माळेघाटच्या रेल्वे कॉलनीत जन्मली, पोस्टातल्या यशवंत गांगुर्ड्यांशी लग्न केलं आणि तिच्यापुरतं ते नाव संपलं. तिच्या रक्तातलं काही संपलं नाही. माझा धाकटा भाऊ विल्सन एकतिसाव्या वर्षी क्रिकेट खेळताना दुसरी धाव घ्यायला वळला आणि पडला. हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या त्या गोष्टीला अडवतात, थांबवत नाहीत.

माझी मुलगी रूथ सतरा वर्षांची आहे. या मार्चमध्ये ती कॉलेजच्या जिन्यात बेशुद्ध पडली. तपासणी झाली. तिच्यात ते आहे. माझ्यातही असणारच, पण माझी एकोणपन्नास वर्षं निभावली आहेत.

रकाना ४. आडनावाचे मूळ व प्रसार

(हा रकाना संस्थेने आधीच भरून ठेवलेला असतो. मी माझ्या शब्दांत लिहिते.)

उत्तर इंग्लंडमध्ये एक दरी आहे. हजार वर्षांपूर्वी तिथे समुद्रापलीकडून माणसं येऊन राहिली. त्यांच्या बोलीत 'केल्ड' म्हणजे झरा आणि 'थ्वेट' म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन. निफाडचा तो निफाडकर, तसा झऱ्याकाठच्या मोकळ्या जागेवरचा तो केल्थ्वेट. फरक एवढाच की निफाडकर पुष्कळ. त्या जागेवर मात्र एकच शेतघर होतं, म्हणून सातशे वर्षांपूर्वी सारा गोळा करणाऱ्याने हे नाव एकाच माणसाच्या पुढे लिहिलं. १८८१च्या शिरगणतीत केल्थ्वेट होते एकशे त्रेचाळीस. त्यांतले बावीस सोडून सगळे त्या दरीपासून दिवसभराच्या चालीवर राहत. मग दरीतली शिशाची खाण बंद पडली. कुणी ऑस्ट्रेलियात तांबं खणायला गेलं, कुणी हिंदुस्थानात इंजिन हाकायला. माझ्या आजोबांचे आजोबा इंजिनाकडे आले.

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषाच्या पेशीतलं वाय गुणसूत्रही तसंच जातं, जवळपास न बदलता. त्यामुळे दुर्मीळ आडनावाच्या माणसांचं वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळतं. गालावरून काडी फिरवून संस्थेच्या तपासणीच्या पेटीत घातली की माणूस त्या शेतघरातला की नुसत्या नावाचा, हे चाळीस मिनिटांत कळतं.

पण आजार त्या गुणसूत्रावर बसलेला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी दरीतल्या एका केल्थ्वेटमध्ये जनुकाचं एक अक्षर बदललं. त्या अक्षरामुळे हृदयाच्या पेशीतलं कॅल्शियमचं दार नीट लागत नाही. माणूस धावला, दचकला, रडला की दार गळायला लागतं आणि ठोका चुकतो. एखादे वेळी पुढचा ठोका पडतच नाही. हे अक्षर आईकडूनही येतं, बापाकडूनही. नाव एकाच वाटेने गेलं, अक्षर सगळ्या वाटांनी गेलं. आज, २०३७ साली, जगात नावाची माणसं दोनशे बारा आहेत. अक्षराची, अंदाजे अकरा हजार.

रकाना ६. अपात्रतेची कारणे

केल्थ्वेट नावाच्या लोकांची एक संस्था आहे. आधी ते वंशावळी गोळा करायचे, वर्षातून एकदा दरीत जेवायला जमायचे. मग त्यांनी ते एक अक्षर दुरुस्त करणारं औषध बनवून घेतलं. एकच इंजेक्शन, जन्माचं काम. पहिल्या खेपेत दोनशे चाळीस मात्रा झाल्या. नावाच्या प्रत्येकासाठी एक, अठ्ठावीस नंतर सापडणाऱ्यांसाठी. पुढची खेप सहा वर्षांनी.

बातमी फुटली आणि पाच आठवड्यांत जगभर नऊ हजार चारशे लोकांनी आपलं आडनाव बदलून केल्थ्वेट केलं. लेकींच्या लेकी, नातवांचे नातू. सगळ्यांच्या हातात आजाराचा कागद होता. संस्था घाबरली. नियम आला: नाव आणि वाय गुणसूत्र, दोन्ही जुळायला हवीत. नामधारक पुरुषाला स्वतःला आजार असेल तर मात्रा त्याला. नसेल तर तो घरातल्या एका आजारी माणसाचं नाव सुचवू शकतो.

माळेघाटला या नावाचा एकच पुरुष उरला होता. माझा मामेभाऊ डेरेक.

रकाना ७. नामधारकाची भेट

डेरेकदादा छप्पन्न वर्षांचा. सिग्नल वर्कशॉपमधून लवकर निवृत्ती घेतली. आता चर्चच्या किल्ल्या आणि दफनभूमी सांभाळतो. एकटाच राहतो. मी गेले तेव्हा तो एका दगडावरचं शेवाळ ब्रशने काढत होता.

"दादा, गालावरून एक काडी फिरवायची. दात घासण्याइतकंही काम नाही."

"उद्या ये."

"उद्या उद्या करत नऊ दिवस गेले."

"मग दहावा जाऊ दे. काय आभाळ कोसळतंय?"

"चौदा तारखेला दुपारी बाराला यादी बंद होते. आज अकरा."

"कुमुद, तुला केक देऊ? काल केला. मनुका जास्त पडल्यात."

मी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "रूथ जिन्यात पडली. खालच्या पायरीवर होती म्हणून वाचली. पुढच्या वेळी ती कुठे असेल, तुला माहीत आहे?"

त्याने दगडावरून तळवा फिरवला. मग म्हणाला, "एकतीस केल्थ्वेट आहेत इथे. मी सगळ्यांना आंघोळ घालतो. बत्तिसावी जागा माझी, त्या चाफ्याखाली. समजतंय का तुला?"

"नाही समजत."

"मग चल."

चर्चच्या मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिच्यातून त्याने बाप्तिस्म्याची नोंदवही काढली आणि १९५१चं पान उघडून माझ्याकडे वळवलं.

घाटात गाडीला मागून जादा इंजिन लागतं. त्या इंजिनावर दोघे असत, ड्रायव्हर आणि त्याचा मदतनीस. एकाच डब्यातून जेवणारे. जोडीदार. क्वार्टर आणि पुढची नोकरी मिळायची ती कामावर असलेल्या माणसाचं नाव लावणाऱ्या मुलाला. म्हणून कॉलनीत एक रीत होती. जोडीदार गाडीवर मेला तर उरलेल्याने त्याचं धाकटं पोर घरी न्यायचं आणि आपलं नाव लावायचं. जात, धर्म, कुणी विचारायचं नाही. विचारायला कुणाची हिंमतही नसे.

पानावर होतं: सेसिल केल्थ्वेट, वय चार महिने. आणलं आर्थर केल्थ्वेट यांनी. समासात बारीक अक्षरात: मयत जोडीदार सखाराम दोंदे यांचा मुलगा.

सेसिल म्हणजे डेरेकदादाचे वडील. माझे मामा.

"तुझ्या आईला माहीत होतं," दादा म्हणाला. "ती कधी बोलली नाही. पप्पा मला शेवटच्या आजारात बोलले. तुझी काडी माझ्या गालावरून फिरली की तुझ्या तपासणीच्या पेटीत दोंदे उमटणार. मग मी कोण? आणि रूथला काय मिळणार? दोघंही गेलो."

मी नुसती पानं उलटत होते. रडू येऊ नये म्हणून. १९५४वर बोट थांबलं. आर्नल्ड केल्थ्वेट, वय एक वर्ष, आर्थर व मार्था यांचा मुलगा. बाप्तिस्मा आर्थर यांच्या अपघाताच्या आधीचा. समासात दुसऱ्या शाईने नंतरची नोंद: आर्थर यांच्या मृत्यूनंतर जोडीदार किसन पगारे यांनी नेला. नाव अर्जुन.

आजोबा आर्थर दोंद्यांचं पोर घरी घेऊन आले आणि तीन वर्षांनी स्वतःच गेले. त्यांचं रक्ताचं पोर पगाऱ्यांकडे गेलं. आलेला मुलगा केल्थ्वेट राहिला, गेलेला पगारे झाला.

"अर्जुन पगारे," मी म्हणाले. "घाऱ्या डोळ्यांचे. तलावात पोहताना गेले ते?"

"चव्वेचाळिसाव्या वर्षी," दादा म्हणाला आणि वही मिटली. "तू आता जे मनात आणते आहेस ते आणू नकोस."

मी आणलंच होतं.

रकाना ९. नमुना घेणाऱ्या आरोग्यसेवकाचे नाव

कुमुद गांगुर्डे, आरोग्यसेविका, माळेघाट उपकेंद्र.

संस्थेने इथे नमुने घ्यायचं काम मलाच दिलं होतं. आडनाव गांगुर्डे. त्यांच्या नकाशात या नावाचं नातं कुणाशीच नव्हतं.

अर्जुन पगाऱ्यांचा मुलगा गौतम. घाटमाथ्यावर त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून देण्याचं दुकान. तंबाखू खातो, म्हणून तोंडाच्या तपासणीच्या माझ्या यादीत दरवर्षी असतो. बारा तारखेला मी गेले.

"या सिस्टर! मी तंबाखू सोडली तर तुम्ही कुणाचे गाल बघणार? तुमच्यासाठी खातो मी."

"उपकार झाले. आ करा."

त्याचेही डोळे घारेच. इतकी वर्षं मी त्यांत बघत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. एक काडी फिरवली, काचपट्टीवर टेकवली. मग दुसरी, ती नळीत ठेवली.

"दोन कशाला?"

"खात्रीला."

"काही वाईट आहे का सिस्टर?"

"नाही हो. सगळं ठीक आहे."

दुकानाच्या दारात त्याची मुलगी दीक्षा बुटांच्या नाड्या बांधत होती. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा वीस दिवसांवर आली होती. रोज सकाळी घाटातून आठशे मीटर, वेळ लावून. "पप्पा, आज सहा सेकंद कमी करते, बघा," असं ओरडून ती उतारावरून पळत सुटली. मी ती नळी पर्समध्ये टाकली आणि तिच्याकडे पाठ केली.

रकाना १०. समक्ष पडताळणी (ध्वनिमुद्रित)

चौदा तारीख, सकाळी दहा. पडद्यावर इंग्लंडमधल्या संस्थेच्या सचिव हिलरी केल्थ्वेट. सत्तरीच्या, हातात मोठा मग. बोलायच्या इंग्रजीत, आणि यंत्र त्याचं मराठी करायचं.

"सुप्रभात. दूरदेशी आप्तांचे दर्शन घडून मन उल्हसित झाले आहे."

"ही बाई बखर वाचते का?" दादा पुटपुटला. तो सरळ इंग्रजीत बोलला तरी यंत्र ते मराठी समजून पुन्हा इंग्रजी करत होतं. हिलरीबाईंच्या कपाळावर आठी आली.

दादाला मी एवढंच सांगितलं होतं, तू बस, पुढचं मी बघते. तो बसला, कारण वही चुकीची असू शकते अशी त्याला आशा होती. त्याने स्वतःच्या गालावरून काडी फिरवली. मी ती घेतली. टेबलाखाली माझ्या मांडीवर दुसरी नळी होती. पेटीत गेली ती दुसरी.

चाळीस मिनिटं. हिलरीबाईंनी दरीतला पाऊस दाखवला. दादाने त्यांना दफनभूमीतली एकतीस नावं तोंडपाठ म्हणून दाखवली.

मग पेटीवर हिरवी ओळ आली. 'जुळले. मूळ शाखेपासून अंतर सहा पिढ्या.'

दादा उभा राहिला. पुन्हा बसला. चष्मा काढला. "वही चुकली, कुमुद," तो म्हणाला. "वही चुकली होती. पप्पांना कुणी तरी सांगायला हवं होतं."

माझ्या नोकरीत मी खूप लोकांना खूप गोष्टी सांगितल्या आहेत, पण त्या क्षणी तोंड उघडलं नाही.

दुसरी ओळ आली. 'नमुनादाता आजाराचा धारक आहे.'

"अरेरे," यंत्र म्हणालं. "तरीही चिंता नसावी. नियमानुसार मात्रा प्रथम आपणांसच दिली जाईल, श्रीयुत डेरेक. आपल्या भाचीचे नाव सुचविण्याचा अधिकार उरत नाही. कुपी नऊ दिवसांत आरोग्यसेविकेकडे पोहोचेल."

पडदा बंद झाला. दादा चष्मा पुसत राहिला, पुसून झाला तरी पुसत राहिला.

"पप्पा ब्याऐंशीव्या वर्षी घाट चढायचे," तो म्हणाला. "मी रोज एकतीस दगड घासतो. मला असलं काही नाही. कुणाचा गाल होता?"

"गौतमचा."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सात मिनिटं मी खरा होतो. तू बघत होतीस." आणि किल्ल्या घेऊन निघून गेला.

रकाना ११. हितसंबंध जाहीर करा

कुपी तेवीस तारखेला आली, बर्फाळ डब्यात, कुलूपबंद सुईसकट. कुलूप माझ्या संकेतांकाने उघडतं, पण इंग्लंडहून केव्हाही कायमचं बंद करता येतं. उघडल्यावर वीस मिनिटांत टोचायचं. वर नाव: डेरेक केल्थ्वेट.

डबा माझ्या फ्रीजमध्ये होता, मुलगी शेजारच्या खोलीत. उपकेंद्रात दुसरं कुणी नव्हतं. मी रूथला बोलावलं, बाही वर करायला सांगितलं. तिने आधी चिठ्ठी वाचली.

"मामाचं औषध मला का?"

"हात दे."

"आई. का?"

सांगितलं. सगळंच.

"गौतमकाकांना माहीत आहे?"

"नाही."

"दीक्षाला?"

"नाही."

"ती रोज घाटात पळते. मी गॅलरीतून बघते. मला पळायला बंदी आहे म्हणून तिचं पळणं बघते." तिने बाही खाली केली. "आधी त्यांना सांग."

"रूथ, सांगितलं तर ते मागतील. त्यांच्याच पेशींवर आलंय हे. मग तुला काही उरणार नाही."

"तरीही सांग. नाहीतर मी हात देणार नाही. जबरदस्ती केलीस तर मी घाबरेन, आणि मी घाबरले तर काय होतं ते तुला माहीत आहे."

सतराव्या वर्षी तिच्याकडे असा धाक होता. मी डबा आणि तपासणीची पेटी उचलली.

रकाना १२. वेळेची नोंद

९.१०. गौतमच्या दुकानात पोहोचलो. दीक्षा पळून नुकतीच आली होती, घामाने भिजलेली. मी तिला बसायला लावलं.

९.२५. सांगून झालं. गौतम हसला. मग हसणं थांबलं. "माझ्या गालातलं चोरलंत तुम्ही, सिस्टर? आणि म्हणालात, सगळं ठीक आहे."

९.२७. "माझे वडील तलावात पोहताना गेले. मी काठावर कपडे घेऊन उभा होतो. इतकी वर्षं मला वाटतंय की त्यांना मीच हाक मारायला उशीर केला."

९.३०. दीक्षाची काडी पेटीत घातली.

९.४१. गिऱ्हाईक आलं, बॅटरी मागत. गौतम म्हणाला, दुकान बंद आहे. शटर मात्र वरच होतं.

९.५०. दीक्षाने रूथला विचारलं, "तुला पडताना कळतं का?" रूथ म्हणाली, "कळतं. कुणी तरी दिवा मालवतं तसं. घाबरायला वेळ मिळत नाही."

१०.०२. डेरेकदादा आला, काखेत नोंदवही. रूथने त्याला फोन केला होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

१०.१०. पेटी. 'धारक.'

"मग प्रश्नच मिटला," गौतम म्हणाला. "पेशी माझ्या. औषध माझ्या पोरीला. सिस्टर, उघडा डबा."

तो बरोबर होता. रूथ खिडकीकडे तोंड करून उभी होती.

दादाने वही काउंटरवर ठेवली, १९५४चं पान उघडलं. "गौतम, हे वाच. तुझे वडील या नावाने जन्मले. हा कागद आहे, आणि तुझ्या पेशी आहेत. नाव आणि पेशी दोन्ही तुझ्याकडे आहेत. तू मागितलंस तर ते नाही म्हणू शकत नाहीत. त्यांच्याकडे राखीव मात्रा आहेत. या पोरीकडे काहीच नाही. ती आईच्या आईकडून आली आहे. तिला जगात हीच एक कुपी आहे."

"मग मी मागतो. आत्ता. लावा फोन."

"फोन लावला की मला ही वही दाखवावी लागेल. तुझ्या पानाच्या आधी माझ्या बापाचं पान आहे. ते बघितलं की त्यांना कळेल, तो नमुना माझा नव्हता. कुपी तिथून बंद करतील. म्हणून आधी हिला टोचायची, मग फोन."

"आणि फोनवर ते नाही म्हणाले तर? दादा, मग माझी पोर?"

दादाने वही त्याच्याकडे सरकवली.

"तुमचं काय जातंय यात?" गौतम म्हणाला. "तुमची ना पोर, ना आजार."

"माझं नाव जातंय," दादा म्हणाला. "मी दुसरं काही कमावलेलं नाही."

१०.१९. गौतम दीक्षाकडे बघत राहिला. दीक्षा म्हणाली, "पप्पा, मी दहा दिवस पळणार नाही. पुढच्या भरतीला जाईन. तोपर्यंत बसून राहीन. हिला तर जिनाही चढता येत नाही."

१०.२१. गौतमने रूथसाठी स्टूल ओढलं. "टोचा. पण फोन लगेच. माझ्यासमोर. आणि बोलायचं मी."

१०.२४. कुलूप उघडलं. रूथचा हात धरायला दीक्षा बसली. सुई आत गेली.

रकाना १४. नाव खंडित होण्याचे कारण

हिलरीबाई स्वयंपाकघरात होत्या. तिकडे पहाटेची वेळ. गौतमने सगळं सांगितलं, एका दमात, मराठीत. दादाने कॅमेऱ्यापुढे वही धरली. आधी १९५१. मग १९५४.

त्या गप्प होत्या की यंत्राला शब्द सापडत नव्हते, कळेना.

"आपण आम्हांस फसविलेत," शेवटी आवाज आला.

"मी फसवलं," मी म्हणाले. "यांना माहीत नव्हतं."

"नंतर मला माहीत होतं," दादा म्हणाला. "कुपी आली तेव्हाही मी गप्प बसलो. तेही लिहा."

"ती कन्या कुशल आहे काय?"

मी रूथची नाडी धरून बसले होते. "बहात्तर. नियमित."

हिलरीबाईंनी हातातला मग बाजूला ठेवला, डोळे चोळले. त्यानंतर त्या जे बोलल्या ते यंत्राने एकेका नियमासारखं वाचलं. माझ्या खात्याला कळवलं जाईल. माझा संकेतांक रद्द. माळेघाटच्या नोंदीत खोटा नमुना आहे, तो असेपर्यंत त्या शाखेत नवं नाव घेता येत नाही. यादी बंद झाली असली तरी राखीव मात्रांपैकी तीन उरल्या आहेत. आज दोन अर्ज एकत्र आले तर त्यांतली एक त्या स्वतःच्या अधिकारात, गौतमऐवजी त्याच्या मुलीसाठी, अडवून ठेवतील: गौतम अर्जुन यांना यादीत घेण्याचा, आणि डेरेक सेसिल यांना यादीतून काढण्याचा. नामधारकाने स्वतः मागितल्याशिवाय नाव काढता येत नाही.

कुणीच दादाकडे बघितलं नाही. मुद्दामच.

"कुमुद," तो म्हणाला, "लिहायला घे. तुझं अक्षर बरं आहे."

"अक्षर कशाला, टाईप करायचंय."

"मग तेच घे."

नऊ दिवसांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला होता.

गौतमचा अर्ज आधी. चौदाव्या रकान्यात पर्याय होते: विवाहबाह्य संबंध. कायदेशीर दत्तक. स्वेच्छेने नावबदल. अज्ञात. इतर.

"दत्तक टाका ना," गौतम म्हणाला.

"दत्तक नव्हतं," दादा म्हणाला. "कागद नव्हता, कोर्ट नव्हतं. कुणी मागायलाही गेलं नव्हतं. इतर टाक. आणि लिही." तो खिडकीबाहेर बघत सांगू लागला, हळू, मला टाईप करता यावं म्हणून. "वडील गाडीवर वारले. जोडीदाराने मुलाला घरी नेलं, आपलं नाव दिलं आणि वाढवलं."

गौतमने वाचलं. मान हलवली. अंगठा टेकवला.

दुसरा अर्ज उघडला. नाव काढून टाकण्याचा. डेरेक सेसिल केल्थ्वेट. तोच रकाना, तेच पर्याय.

"इथे काय लिहू, दादा?"

"तेच."

मी तेच लिहिलं. त्याने चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला, एक स्वल्पविराम राहिला होता तो घालायला लावला, आणि अंगठा टेकवला.

पडदा थोडा वेळ फिरत राहिला. दीक्षाने गौतमची बाही घट्ट धरली होती. मग खाली तांबडी चौकट आली. यंत्राने ती आपल्या बखरीच्या मराठीत वाचून दाखवली:

"दोन्ही अर्जांतील कारण अक्षरशः एकसारखे आढळले. एका अर्जातील मजकूर चुकून दुसऱ्यात आला आहे काय?"

"नाही," मी म्हणाले आणि पाठवलं.